‘आपलोच मनीस’ आणि टाईलचे काम

गोव्यात चवथ जवळ आली की दोन गोष्टींची टंचाई होते. एक माटोळीच्या सामानाची आणि दुसरी टाईल बसवणाऱ्यांची. माटोळीचे सामान शेवटी म्हापशाच्या नाहीतर फोंड्याच्या बाजारात चढ्या भावाने का होईना मिळते. टाईलवाला मात्र श्रावणात फोनही उचलत नाही. कारण त्याच वेळी त्याने पाच घरे उकरून ठेवलेली असतात आणि पाचही घरांना त्याने एकच शब्द दिलेला असतो, “गणपती बसचे पयलीं जातलें.”

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. घरातल्या टाईलचे काम गावातल्या, ओळखीच्या कंत्राटदाराला द्यावे या मताचा मी आहे. पण ओळखीचा आहे म्हणून त्याच्याशी कागद करायचा नाही, ही जी आपल्याकडची रीत आहे ती आता मोडायला हवी. तिने काम बिघडते आणि ओळखही बिघडते. काम पैसे टाकून पुन्हा करता येते. ओळखीचे तसे होत नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्या बापजाद्यांनी कुठे कागद केले होते? खरे आहे. पण त्यांच्या वेळचे काम कसे चालायचे ते जरा आठवून पाहू.

आपल्या घरांतली जमीन पूर्वी शेणाने सारवलेली असायची. ते काम घरच्या बायकांचे. वर्षातून कितीदा सारवायचे, कुठल्या कोपऱ्यात ओल धरते, कुठे चोपण घालायचे हे त्यांना ठाऊक असे. मग लाल शिमिटाची जमीन आली. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या कुठल्याही गोवेकराला त्या लाल जमिनीचा गारवा पाठीला आठवत असेल. ती जमीन गावचा गवंडी स्वतःच्या हाताने करायचा. थापीने सपाट करायची, रंग द्यायचा, घासायची, पाणी मारत राहायचे. काम चालू असेपर्यंत तो घरातलाच एक होऊन जाई. पुढे तडा गेला तर त्यालाच हाक मारली जायची, आणि तो नसला तर त्याच्या मुलाला.

टाईल आपल्याला अगदीच परकी होती असे नाही. पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझात जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने १९३५ साली केलेले आझुलेजु आहेत, कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेले. पण ती भिंतीवरची टाईल, लांबून बघायची. डोक्यावरची मंगळुरी कौलेही कारखान्यातलीच. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौले सगळ्या किनारपट्टीवर पोचली. पायाखाली मात्र आपण बराच काळ माती, शेण आणि शिमिट यांवरच चाललो. मग मोझेक आले, त्यामागून सिरॅमिक, आणि आता गुजरातेतल्या मोरबीहून ट्रक भरभरून येणारी चकचकीत व्हिट्रिफाइड टाईल.

या बदलात वस्तू बदलली हे सर्वांना दिसते. काम करण्याची पद्धत बदलली याकडे आपले लक्ष जात नाही. लाल जमिनीच्या वेळी शब्द देणारा आणि थापी धरणारा माणूस एकच होता. म्हणून शब्द पुरत होता. आज शब्द देतो तो गावचा कंत्राटदार. तो आपल्या शाळेत दोन वर्षे मागे होता, त्याची मावशी आपल्या वाड्यावर दिलेली असते. थापी धरतो तो राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून नाहीतर ओडिशातून आलेला मुलगा. कंत्राटदार त्याला चौरस फुटामागे मजुरी देतो. फुटावर मजुरी ठरली की हात साहजिकच धावू लागतो. आज शंभर फूट बसले तर शंभराचे पैसे, दीडशे बसले तर दीडशेचे. खालच्या मसाल्याला वेळ दिला म्हणून त्याला कोणी पैसे जास्त देत नाही.

म्हणजे ओळख एकाशी आणि काम दुसऱ्याचे, अशी ही स्थिती आहे. मधल्या जागेत काय ठरले ते कुणालाच नीट ठाऊक नसते.

आमच्या वाड्यावरचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी पेन्शनच्या पैशांतून वसरीला आणि आतल्या दोन खोल्यांना टाईल घातली. कंत्राटदार गावचाच, मास्तरांचा विद्यार्थी. दर तोंडी ठरला, टाईल दुकानात जाऊन पसंत केली, चवथीच्या आधी आठ दिवस काम उरकले. सगळे खूश. मग पावसाची एक जोराची सर आली आणि वसरीतले पाणी बाहेर जाण्याऐवजी आत, थेट उंबरठ्यापाशी येऊन थांबले. त्यात टाईल गुळगुळीत. मास्तरांची बायको पाय सरकून पडली, मनगट दुखावले. मास्तर म्हणतात, “उतार बाहेर काढायला हवा हे मी सांगायचे?” कंत्राटदार म्हणतो, “चकचकीत पाहिजे हा हट्ट कुणाचा होता? आणि लेव्हल एकसारखी करा असे सरांनीच सांगितले होते.” दोघेही आपल्या परीने खरे बोलतात असे मला वाटते, कारण जे लिहिले नाही ते प्रत्येकाला आपापल्या सोयीने आठवते. आज दोघेही एकाच देवळाच्या समितीवर आहेत आणि जत्रेच्या बैठकीत एकमेकांशी तिसऱ्याच्या तोंडून बोलतात. विद्यार्थी आणि मास्तर! टाईल काय, उद्या दुसरी घालता येईल.

अशा वेळी गावात एक ठरलेले वाक्य ऐकू येते, “भायल्यांनी काम इबाडलें.” मला हे वाक्य पटत नाही. आमच्याकडे जो मुलगा काम करत होता त्याने सोप्याच्या खांबाभोवती गोलाईत टाईल कापून अशी बसवली की फटीत पोस्टकार्डही जाऊ नये. कसब त्याच्या हातात आहेच. पण ज्या मुलाच्या गावी जेमतेम पाऊस पडतो, त्याला वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळणाऱ्या आपल्या मुलखात वसरीवर वाऱ्याने तिरकी सर कशी येते हे कुणी सांगायचे? चिऱ्याच्या जुन्या भिंतीतून ओल कशी वर चढते, खाडीच्या तोंडाजवळची रेती खारट असते आणि ती वापरली की टाईलच्या सांध्यांतून पांढरे कसे फुटते, हे त्याला कोणी सांगायचे? हे सांगण्यासाठीच तर गावचा कंत्राटदार हवा. त्याच्या स्थानिक असण्याची किंमत तिथे आहे. तो नुसता फोनवरून माणसे पाठवून देत असेल आणि शेवटी हिशेबाला येत असेल, तर तो आपला असून आपल्याला काय उपयोग?

आता कागदाविषयी. मी सरकारी कारकून. कागदाचा भार मी रोज वाहतो, त्यामुळे मला कागदाचे प्रेम आहे असे कोणी समजू नये. पण बांधकाम खात्यात कंत्राटदाराचे बिल पास होताना दोन गोष्टी बघितल्या जातात आणि त्या मला फार शहाणपणाच्या वाटतात. एक म्हणजे मोजमापाचे पुस्तक, ज्याला सगळे ‘एमबी’ म्हणतात. त्यात प्रत्यक्ष मोजून नोंद झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. दुसरी म्हणजे सुरक्षा ठेव. बिलातली काही रक्कम खाते राखून ठेवते आणि ठरलेल्या मुदतीत कामात दोष निघाला तर कंत्राटदाराने तो आपल्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. (तरीही आपल्या रस्त्यांना खड्डे का पडतात हे मला विचारू नका, माझे खाते वेगळे आहे.)

घरच्या कामाला निविदा काढायची गरज नाही. शाळेच्या वहीचे एक पान पुरते. त्यावर काय असावे ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो.

पहिले मोजमाप. दोघांनी मिळून फीत धरावी आणि आकडे लिहावेत. भिंतीलगतची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, चौरस फुटात धरणार की धावत्या फुटात, हे आधीच लिहावे. अर्धे वाद तिथेच होतात. टाईल विकत घेतानाही थोडा हिशेब हवा. ‘दोन बाय दोन’ म्हणून मिळणारी टाईल खरी ६०० बाय ६०० मिलिमीटरची असते. ती चार चौरस फूट भरत नाही, ३.८७ भरते. चार टाईल्सच्या खोक्यात १६ नव्हे, साडेपंधरा फूट येतात. एका खोलीला हे जाणवत नाही, पण हजार फुटांच्या कामात तीस-एक फुटांचा फरक पडतो. शिवाय कापाकापीत वाया जाणारी धरून दहा टक्के जास्त घ्यावी आणि एक खोके माळ्यावर ठेवावे. खोक्यावरचा बॅच आणि शेडचा नंबर सगळ्या खोक्यांवर एकच आहे ना, हे दुकानातच बघावे. दोन वर्षांनी तीच शेड पुन्हा मिळेल या भरवशावर राहू नये.

दुसरे, कुठली टाईल कुठे आणि कशाने बसवायची. भिंतीची साधी सिरॅमिक टाईल पाणी पिते, आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त. म्हणून ती शिमिटावर लावण्याआधी भिजत घालतात, नाहीतर ती मसाल्यातले पाणी ओढून घेते आणि शिमिट कच्चे राहते. व्हिट्रिफाइड टाईल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. त्यामुळेच साध्या शिमिटाचा तिच्या पाठीला धड चिकट बसत नाही. तिला टाईलचा गोंद, म्हणजे ॲडहेसिव्ह लागते आणि ते दातेरी थापीने सगळीकडे सारखे पसरावे लागते. चार कोपऱ्यांना चार गोळे लावून टाईल दाबली की काम झटपट होते, पण मध्ये पोकळी राहते. मग वरून काही जड पडले की टाईल तिथेच फुटते. ॲडहेसिव्हच्या पिशवीवर आयएस १५४७७ हा आकडा असतो, तो बघून घ्यावा. वसरी, न्हाणी आणि मागीलदार इथे खरबरीत टाईलच हवी, हे तर ठळक लिहावे.

तिसरे, खाली काय आहे. जुनी लाल जमीन उकरायची की तिच्यावरच घालायची? वरच घालायची तर ती टाचून खरबरीत करायला हवी आणि आधी ती कुठे पोकळ झाली आहे का ते ठोकून बघायला हवे. शिवाय जमीन वर येते. जुन्या घरात उंबरठा त्या मानाने खाली जातो आणि दारे खाली घासू लागतात. मग ती रंधायला मेस्त बोलवावा लागतो. त्याचे पैसे कोणी द्यायचे? हेही लिहावे.

चौथे, उतार. न्हाणीला आणि वसरीला दर ८ फुटांना साधारण १ इंच उतार पुरतो, पण तो कुठल्या दिशेला हे बाण काढून दाखवावे. न्हाणीत पाणीरोधक थर दिल्यावर टाईल घालण्याआधी दोन दिवस पाणी भरून ठेवावे आणि खाली किंवा पलीकडच्या भिंतीला ओल येते का ते बघावे. हे दोन दिवस वाचवण्याची घाई ज्यांनी केली, त्यांच्या भिंतींचा रंग पुढे कायमचा पोपडे धरून असतो.

पाचवे, वेळ. टाईल बसल्यावर निदान एक दिवस तरी तिच्यावर पाय पडू नये, त्यानंतर सांधे भरावेत. भिंतीच्या कडेला बोटभर नाही, पण थोडी फट ठेवायला हवी. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. एप्रिल-मेच्या उन्हात टाईल फुगते, तिला सरकायला जागा नसली की मधल्या टाईल्स तंबूसारख्या उचलल्या जातात. आणि उकरलेले जुने मातेरे कोण नेणार आणि कुठे टाकणार, हेही त्यात यावे. नाहीतर ते रात्री कुणाच्या तरी शेताच्या बांधावर जाऊन पडते.

शेवटचे, पैसे. सामान आले की काही, निम्मे काम झाले की काही, संपले की काही. आणि दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावे. आपल्याकडे घराच्या कामाची परीक्षा पावसाळाच घेतो.

इतके सगळे ऐकून कोणीही म्हणेल की असा कागद पुढे केला तर कंत्राटदार अपमान समजून उठून जाईल. गेल्या वर्षी शिगम्यानंतर आमच्या घरी काम काढले तेव्हा घरच्यांनाही हीच भीती होती. कंत्राटदाराने पान हातात घेतले आणि हसला. “भाई, तुमी सरकारी मनीस. घरांतूय फायल उगडली?” पण त्याने ते पूर्ण वाचले. मग माझ्याकडचे पेन मागून घेतले आणि खाली स्वतःच्या दोन अटी लिहिल्या. टाईल पसंत करून आणल्यावर मध्येच बदलायची नाही, ही एक. आणि घरात सोयर-सुतक आले व काम थांबले, तर बसून राहिलेल्या कामगारांची त्या दिवसांची निम्मी मजुरी मालकाने द्यायची, ही दुसरी. मला दोन्ही अटी योग्य वाटल्या.

मग चहा पिताना तो मोकळेपणाने बोलला. त्याची तीन घरांची शेवटची रक्कम अडकून होती आणि तिन्ही घरे नात्यातली. “घरचोच न्हय रे तूं, चवथी उपरांत दितां,” म्हणून चवथ गेली, दिवाळी गेली. नात्यातल्यांकडे तगादा कसा लावणार? परक्याकडे निदान भांडता तरी येते. म्हणजे ‘आपलोच मनीस’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी वापरले जाते आणि दोन्ही बाजूंना बुडवते. कागद नसल्याचा त्रास घरमालकालाच होतो असे आपण धरून चालतो, पण त्याचा तोटा माझ्यापेक्षा मोठा होता. माझ्या घरात फार तर दोन टाईल वाजल्या असत्या. त्याला दर शनिवारी कामगारांना रोख मजुरी मोजावी लागते.

काम सुरू होण्याच्या दिवशी ते पान मी कामगारांच्या मुकादमाला हिंदीतून वाचून दाखवले. वसरीच्या उताराचा बाण बघून तो म्हणाला, “साब, चौखट के सामने थोड़ा ऊपर से शुरू करना पड़ेगा, नहीं तो पानी कोने में रुकेगा.” ही गोष्ट ना मला सुचली होती, ना कंत्राटदाराला. त्याला आजवर कोणी काय ठरले आहे हे वाचून दाखवलेच नसावे, मग त्याने तरी सल्ला कशावर द्यायचा?

कायद्याच्या दृष्टीने पाहाल तर तोंडी करारही करारच असतो, १८७२ चा करार कायदा तसेच म्हणतो. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दादही मागता येते. पण तिथे जाऊन दाखवणार काय? आणि खरे सांगायचे तर गावच्या माणसाविरुद्ध आयोगाकडे जाण्याची वेळ येऊ नये म्हणूनच हा कागद करायचा. तो कपाटात पडून राहावा, कुणाला दाखवावा लागू नये, हीच त्याची सफलता.

आमच्या कामाचे दहा टक्के दसऱ्यानंतर द्यायचे ठरले होते. त्या दिवशी कंत्राटदार स्वतः आला. वसरीत बादलीभर पाणी ओतले, ते सरळ पायरीवरून अंगणात गेले. मग खिशातून रुपयाचे नाणे काढून त्याने खोलीभर टाईल वाजवत नेली. स्वयंपाकघराच्या दारापाशी एक बद्द वाजली. मी काही बोलण्याआधी तोच म्हणाला, “ही पोकळ आसा, हांव फाल्यां मनीस धाडटां.” दुसऱ्या दिवशी माळ्यावरच्या खोक्यातली टाईल काढून ती बदलली गेली आणि संध्याकाळी त्याने आपली रक्कम मोजून घेतली. ना त्याला मागायला लाज वाटली, ना मला द्यायला जड गेले.

असो. ज्यांना येत्या चवथीपूर्वी टाईल घालायची आहे त्यांनी शिगमा उरकल्याबरोबर काम काढावे, श्रावणाची वाट बघू नये. गावातलाच कंत्राटदार बघावा. त्याने याआधी केलेली आणि निदान एक पावसाळा खाल्लेली दोन घरे जाऊन पाहावीत, तिथल्या बायकांना विचारावे, कारण जमीन पुसणाऱ्यालाच तिचे खरे दोष ठाऊक असतात. आणि तो “आपलोच मनीस” म्हणाला की त्याला बसायला पाट द्यावा, चहा द्यावा आणि वही पुढे करावी.